विषाचे माप



कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या अन्नाची परीक्षा सांगितली आहे. अन्नाचा अंश आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावा, ज्वाळेचा रंग व पक्ष्यांची अवस्था पाहावी आणि मगच राजाने जेवावे. तेथे प्रश्न एका ताटाचा होता. आज तो साऱ्या नदीचा झाला आहे.

विष मात्रेवर ठरते, हा विचार युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने मांडला. १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याला आकड्याचे रूप दिले : ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात, ते त्या द्रव्याच्या विषारीपणाचे माप. परंतु हे माप तत्काळ मृत्यूचे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जो रोग उघडकीस आला, त्याचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यात होते. तो माशांच्या शरीरात साठत साठत माणसांच्या ताटात पोचला होता. तेव्हा ‘किती?’ याबरोबरच ‘कोणत्या रूपात?’ आणि ‘कोणत्या वाटेने?’ हेही विचारावे लागते.

हे तीन प्रश्न घेऊन आपल्या मुठेकडे या. जुने रंग सारे निरुपद्रवी, हा भ्रमच होय. शेंदरात शिसे, हिंगुळात पारा आणि हरताळात आर्सेनिक असते. उलट, गणेशमूर्तींचे प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हे स्वतः जहाल विष नव्हे. ते पाण्यात लवकर विरत नाही, ही एक अडचण. आणि त्यावरील रंगांत जड धातू असतील, तर ती दुसरी. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर एक तोड काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती घरच्या बादलीतच विरघळते; मागे खडूसारखा साका आणि अमोनियम सल्फेटचे पाणी उरते. महानगरपालिकेने ही पूड नागरिकांना वाटलीही. अमोनियम सल्फेट हे खत आहे, ही गोष्ट खरी. पण तेच पाणी नदीत ओतले, तर त्यातील अमोनिया माशांना मारक ठरू शकतो. पाणी जितके अल्कधर्मी, तितका धोका अधिक. शिवाय रंगात शिसे असेल, तर ते बादलीत नाहीसे होत नाही.

म्हणून ‘हे विष आहे काय?’ एवढेच विचारून भागणार नाही. किती, कोणत्या रूपात, कोणाच्या पोटात, हे मोजून सांगा, असा आग्रह आपण नागरिकांनी धरला पाहिजे. राजाच्या ताटासाठी जी दक्षता होती, ती नदीकाठच्या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?