अजिंठ्याचं जहाज आणि जड सुकाणू

शाळेची अजिंठ्याची सहल आमच्याकडे दरवर्षी ठरलेली. पहाटे शहरातून निघायचं, शंभरेक किलोमीटर एस.टी.त गाणी म्हणत जायचं, आणि लेणी बघून अंधार पडता पडता परत. दोन नंबरच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर डोळा, मांडून ठेवलेले रांजण, आणि मागच्या अंगाला पाण्यात सोडलेलं वल्हं. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी नुकताच पाहिलेला असतो, त्यामुळे या जहाजापाशी फारसं कुणी थांबत नाही.

एका सहलीत एक मुलगा थांबला. "सर, एवढं मोठं जहाज या वल्ह्यानं वळायचं? धरणाऱ्याचे हात नाही दुखायचे?"

मी म्हणालो, "दुखतच असणार. पुढे सुकाणूचा शोध लागला आणि सोय झाली." पुढच्या लेण्याची घाई होती. पण हेच उत्तर मी नंतरही वर्षानुवर्षं देत राहिलो. जुनं ते ओबडधोबड आणि नवं ते सोयीचं, अशी इतिहासाच्या मास्तरची सरधोपट समजूत!

आता आठवण होण्याचं कारण 'कौंडिण्य'. त्याच चित्रावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सनं, म्हणजे 'म्हादेई' आणि 'तारिणी' बांधणाऱ्या रत्नाकर दांडेकरांनी, नौदलासाठी जहाज बांधलं. फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेल्या, इंजिन नाही, आणि वळवायला वल्हीच. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात आलं. डिसेंबर 2025 च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचलंसुद्धा. त्या निमित्तानं जरा वाचन केलं आणि माझंच उत्तर मला खटकायला लागलं.

मंडळी, आपल्या जुन्या शाळांच्या वर्गातले व्हेंटिलेटर आठवा. भिंतीत उंचावर, मधोमध खिळलेली झडप आणि खाली लोंबणारी दोरी. वारा कितीही असो, पाचवीतलं पोर एका हातानं ती फिरवायचं. कारण वारा झडपेच्या अर्ध्या भागाला एकीकडे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्याला उलटीकडे. शेजारची खिडकी मात्र एका कडेला बिजागरीवर. वाऱ्यात ती ओढून घ्यायला दोघं लागायची.

वल्ह्याचं पातं त्या झडपेसारखं असतं. दांडा पात्याच्या मधून जातो, पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून वल्हं पिळायला जोर कमी लागतो. नंतर आलेलं सुकाणू खिडकीच्या जातीचं. चिनी जहाजांना मागच्या बाजूचं सुकाणू पहिल्या शतकातच होतं, युरोपात ते बाराव्या शतकात दिसू लागलं. युरोपातलं सुकाणू जहाजाच्या मागच्या खांबाला बिजागऱ्यांनी जोडलेलं, त्यामुळे सगळा रेटा एकाच बाजूला. जहाजं मोठी झाली तसे सुकाणूचे दांडे लांबले, कप्प्या आणि दोर आले, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चाक आलं. वादळात त्या चाकालाही अनेक माणसं भिडायची. चिनी लोकांनी काही जहाजांच्या सुकाणूला चौकटीच्या आकाराची भोकं पाडली, त्यातून थोडं पाणी निघून जाई आणि हात हलका होई. आजच्या बऱ्याच शिडाच्या होड्यांमध्ये सुकाणूचा थोडा भाग मुद्दाम आसाच्या पुढे ठेवतात. म्हणजे फिरून वल्ह्याचीच युक्ती. हा पुढचा भाग फार वाढवला, तर सुकाणू स्वतःच भलतीकडे वळायला बघतं, म्हणून तो बेतानंच.

मात्र सुकाणू जड लागतं ते नेहमी सुकाणूमुळेच असं नाही. वारा वाढला की होडी कलते, आणि कललेली होडी वाऱ्याकडे तोंड फिरवू बघते. तिला सरळ ठेवायला माणूस तासन्‌तास उलट जोर लावत बसतो. त्यात तिरकं धरलेलं सुकाणू पाणी अडवतं, वेगही जातो. अशा वेळी मागचं शीड आखडायचं, पुढचं राहू द्यायचं. हात लगेच हलका होतो. अजिंठ्याच्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत, म्हणजे कोणतं शीड ठेवायचं आणि कोणतं उतरवायचं याची मुभा त्या खलाशांना असणार. हे माझं अनुमान. चित्रात वारा दिसत नाही.

चाक आणि कप्प्यांनी माणसाचा जोर वाचतो, पण पाण्याचा रेटा तेवढाच राहतो. तो मधल्या यंत्रणेनं सोसायचा. 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा मुलींना घरी येता येता एप्रिल 2018 मध्ये असाच अनुभव आला. सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसच्या पोर्ट लुईला जावं लागलं. 21 मे ला त्या गोव्यात सुखरूप पोचल्या.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला असेल, बहुधा स्वतःच्या मुलांना अजिंठ्याला नेत असेल. बाळा, हे वाचत असलास तर ऐक. हात दुखायचे, पण शिडं बेतानं ठेवली नाहीत तर जास्त. वल्ह्याला मी उगाच नावं ठेवली.