परिचारिकेची पदवी आणि रुग्णाची खाट



सेवाग्रामच्या आश्रमांत परचुरे शास्त्र्यांची कुटी पाहावयास मिळते. शास्त्रीबोवा संस्कृतचे गाढे पंडित व येरवड्याच्या तुरुंगांतील गांधीजींचे सोबती. १९३९ सालीं महारोगानें जर्जर होऊन ते आश्रमांत आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळून दिलें. हें चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्यावरून आपण एक चुकीचा धडा घेतला. शुश्रूषेला अंतःकरण पुरे, विद्येची तितकी गरज नाहीं, असें आपण समजून बसलों.

वास्तविक गांधीजींची शुश्रूषा शिकलेली होती. दक्षिण आफ्रिकेंत ते एका धर्मादाय रुग्णालयांत नित्य कांहीं वेळ काम करीत असत. १९०६ च्या झुलु बंडांत जखमींची सेवा करणाऱ्या हिंदी पथकाचे ते प्रमुख होते. हा हात तेथें तयार झाला होता.

मुलींनीं ही विद्या रीतसर शिकावी म्हणून महाराष्ट्रांत झटल्या त्या रमाबाई रानडे. १९०९ त पुण्यास सेवासदन निघालें आणि त्यांतील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, त्याचें मलमूत्र काढणें, हें कुलीन घरच्या मुलीचें काम नव्हे, अशी तेव्हांची समजूत. हें काम बहुतांशीं ख्रिस्ती भगिनींनीं पतकरलें. आणि आपण आजारांत त्यांच्या हातचें औषध घेऊन बरें झाल्यावर त्यांना मोलकरणींच्या रांगेंत बसविलें, हें कबूल केलेलें बरें. त्याचें फळ १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत दिसतें. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक!

त्याच १९४६ सालीं दिल्लीस व वेल्लोर येथें परिचर्येचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९५९ त दिल्लीच्या महाविद्यालयानें पदव्युत्तर शिक्षणास आरंभ केला. ह्या महाविद्यालयास आज राजकुमारी अमृतकौर ह्यांचें नांव आहे. राजकुमारी स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री. पण त्यापूर्वीं कित्येक वर्षें गांधीजींच्या चिटणीस म्हणून त्या सेवाग्रामांत वावरलेल्या. तेव्हां ह्या विद्येची एक मुळी आमच्या वर्ध्याच्या मातींत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सेवाग्रामांत कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नांवानें स्त्रिया व मुलांसाठीं लहानसें रुग्णालय निघालें, तें बिर्लांच्या अतिथिगृहांत. डॉ. सुशीला नायर ह्यांनीं तें वाढविलें, आणि १९६९ त, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, तेथें वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. आज वर्ध्यालगतच्या सावंगी येथें परिचर्येची एम्. एस्सी. पदवीहि घेतां येते. चार वर्षांची बी. एस्सी., मग वर्षभराचा अनुभव, मग आणखी दोन वर्षें. आणि त्यांत एकच शाखा : बालरोग, प्रसूति व स्त्रीरोग, मनोविकार, समाजारोग्य, किंवा औषध-शस्त्रक्रिया. प्रबंधहि लिहावा लागतो.

एवढें शिकून परिचारिकेनें करावयाचें काय? ह्याचें उत्तर अमेरिकेंत हिल्डेगार्ड पेप्लो नांवाच्या विदुषीनें दिलें. १९५४ च्या सुमारास रट्गर्स विद्यापीठांत तिनें मनोरुग्णांच्या परिचर्येचा पदव्युत्तर वर्ग काढला. त्यांतून बाहेर पडणारी स्त्री रुग्णापाशींच राहावी, पण तज्ज्ञ म्हणून, असा तिचा हेतु होता. त्या परिचारिकेस पुढें ‘क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट’ हें नांव रूढ झालें. मुदतीपूर्वीं जन्मलेल्या अर्भकाचा रंग किंचित् पालटला, मधुमेह्याच्या पायाची जखम आंतून वाढूं लागली, कीं ती आधीं ओळखावयाची. डॉक्टरास वेळींच बोलवावयाचें. नवशिक्या परिचारिकेचा हात धरून तिला शिकवावयाचें. आणि वॉर्डाची जुनी रीत चुकत असेल तर ती पुराव्यानें बदलावयाची.

आमच्याकडे मात्र गाडी येथेंच अडली. पदवी आली, पण तिला साजेशी जागा वॉर्डांत फारशी निर्माण झाली नाहीं. एम्. एस्सी. झालेली बहुतेक मुलगी महाविद्यालयांत अध्यापिका होते. जी अधिक शिकली ती खाटेपासून अधिक दूर गेली, असा हा उलटा न्याय. मी आयुष्यभर मास्तरकी केली. शिकविण्याचा मला कमीपणा वाटत नाहीं. पण उत्तम वैद्यानें रोगी पाहणें सोडून केवळ फळ्यावर लिहावें, हें आपणांस रुचेल काय? अतिदक्षता विभागासाठीं अलीकडे एक नवा द्विवार्षिक अभ्यासक्रम निघाला आहे. त्याचा फार मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णापाशीं शिकावयाचा असतो. त्यांतून निघणाऱ्या मुलींना अधिकार व वेतन मिळालें तरच तो फळेल.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, खेड्यांतली शेतकऱ्याची मुलगी, बालरोग-परिचर्येंत एम्. एस्सी. झाली व आतां परिचर्या शिकविते. मागें भेटली तेव्हां वॉर्डाची आठवण होते काय, असें मीं विचारलें.

“गुरुजी, मुलींना घेऊन मी वॉर्डांत जातें ना,” ती म्हणाली. “तेवढा वेळ पुन्हां बाळांना हात लावावयास मिळतो.”

आठवड्यांतून किती दिवस, असें मीं विचारलें.

“दोन,” ती म्हणाली.