मारक्या कोंबडीचं घराणं



परवा तुरीच्या बांधावर आमच्या तांबड्या कोंबडीनं मुंगसाला पळवून लावलं. पिलं तुरीत शिरली अन् ही पंख फुलवून सरळ त्याच्या तोंडावर गेली. वजन भरंल सव्वा किलो. पण अंडी उचलायला गेलं की आम्हालाबी टोचती. पोरगं म्हणलं, "आबा, लई मारकी हाय, बाजारात नेऊ." म्हणलं, आधी हिचं घराणं ऐक, मग ठरव. त्याला सांगितलं तेच इथं लिहितो.

कोंबडीचं मूळ तांबड्या रानकोंबडीत. 1868 साली डार्विननं हे लिहून ठेवलं. 2008 साली शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट सापडली. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आलेला हाय. हा करडा कोंबडा आपल्या सह्याद्रीत अन् दक्षिणेत राहतो. म्हणजे तिचं अर्धं माहेर आपल्याच बाजूला.

अशा लहान, तापट कोंबड्यांना जगात 'बँटम' म्हणतात. जावा बेटावरच्या बांतेन बंदराचं हे नाव. तिथं व्यापाराला गेलेल्या गोऱ्यांनी ते उचललं. बॉक्सिंगमधला हलका वजनगट 'बँटमवेट', तो याच कोंबडीवरून. आपली गावरान त्या जातीची नव्हं, पण स्वभाव तोच. आकारानं लहान, हिमतीला मोठी.

ही हिंमत आली कुठून? गावरान कोंबडीची निवड माणसानं कमी अन् मुंगूस, घार, रानमांजरानं जास्त केली. जी खुडूक होऊन 21 दिवस अंड्यावरून हलली नाही अन् पिलांसाठी अंगावर गेली, तिचाच वंश टिकला. भित्रीचा बुडाला.

माणसानं निवडलेला लढवय्या म्हणजे असील. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता अन् तिकडं असीलचा मोठा शौक. कोंबडा चार-पाच किलोचा, मान उंच, पाय जाड. आज्जा सांगायचा, बाजारात असील दिसला की माणसं भोवती गोळा व्हायची. 'असील' म्हणजे खानदानी. आपला 'अस्सल' शब्दबी त्याच अरबी मुळाचा. झुंजी लावणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा झाला, ते बरंच झालं. पण असीलची मादी अंडी कमी देते अन् पिलं जिवापाड सांभाळते, हे जुनी माणसं विसरत नाहीत.

मुंगसाला न भिणारी ही कोंबडी एका गोष्टीपुढं मात्र हरली. 1927-28 च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेतला कोंबड्यांची मोठी मर झाली. त्यावरून रोगाचं नाव राणीखेत. मान वाकडी होते म्हणून आपल्याकडं मानमोडी. 1940 च्या दशकात मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावर लस तयार झाली. आज हिलाच आर-टू-बी म्हणतात.

आता आमच्या घरची गोष्ट. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आपल्या औसा तालुक्यातल्या किल्लारीचा भूकंप. दगड-मातीच्या भिंती अन् माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. आमचं माळवद बसलं, माणसं वाचली. जिन्याखालचं खुराडं दगडाखाली गेलं. पुढं कैक महिने आम्ही पत्र्याखाली काढले. पुढच्या उन्हाळ्यात मर आली अन् उरलेल्या कोंबड्या आठवड्यात गेल्या. एक तांबडी तलंग तेवढी राहिली. ती शेतातल्या कडब्याच्या गंजीत अंडी घालायची, म्हणून वाचली असावी. आजची मारकी तिच्याच वंशातली. त्या वर्षी घरात विकायला दुसरं काही नव्हतं. तिची अंडी अन् पिलं विकून मीठ-मिरची आली.

त्याच काळात सुधारित कोंबड्या गावोगाव पोचल्या. लेगहॉर्न वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, गावरान 60-70 वर थांबते. गिरिराज, वनराज परसात चांगल्या वाढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझ्याकडंबी होत्या. पण जास्त अंड्यासाठी निवड करताना खुडूक होण्याचा गुण कमी होत गेला. पिलं दरवेळी विकत आणावी लागतात. गावरान खुडूक कोंबडी म्हणजे फुकटचं उबवणी यंत्र अन् राखणदार. तिचा वाण एकदा गेला की दुकानात मिळत नाही.

मग करायचं काय?

1. मारकी खुडूक विकू नका. 10-12 अंडी तिच्याखाली ठेवा.
2. आठ आठवड्याच्या पिलांना आर-टू-बी टोचा. एका बाटलीत 100 किंवा जास्त डोस असतात, अन् लस कालवल्यावर तास-दोन तासात संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार, म्हणून लस राहून जाते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस धरावा. लस बर्फात आणावी, कोंबड्या अंधार पडल्यावर खुराड्यात धराव्यात.
3. आजारी कोंबडीला लस नको. पशुवैद्यकाला विचारा.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. तांबडी राहिली. आता अंडी उचलायला तो हातात पोतं गुंडाळून जातो.

तुमच्याकडं घरच्या वंशाची खुडूक कोंबडी राहिली का? किती पिढ्यांची हाय, सांगा.