बारामतीकराचा लेझर आणि माझे गाल

बारामती म्हटलं की तुम्हाला ऊस आठवणार, नाहीतर राजकारण. आज तिथे १९३८ मध्ये जन्मलेल्या कुमार पटेलांची गोष्ट. पुण्याच्या सीओईपीतून इंजिनीअर झाले, मग स्टॅनफर्ड, मग अमेरिकेतली बेल लॅब्ज. तिथे १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला.

त्याचा डोळ्यांना न दिसणारा किरण पाण्यात चटकन शोषला जातो. आणि आपल्या त्वचेत पाणीच पाणी! वरचा थर वाफ होऊन उडतो, खालून नवी त्वचा येते. नव्वदच्या दशकात पिंपल्सच्या खड्ड्यांवर हा उपाय जोरात चालला.

पण गोऱ्यांवर. आशियाई चेहऱ्यावर खड्डे कमी व्हायचे आणि त्या जागी काळपट डाग यायचे. किरण तर पाण्याला धरतो, रंगाला नाही, मग असं का? कारण जखम झाली की आपल्या पेशी मेलॅनिन जास्त बनवतात. गुडघा खरचटल्यावर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो ना, तोच प्रकार.

त्यात गंमत बघा. डॉक्टर त्वचेचे प्रकार ज्या फिट्झपॅट्रिक पट्टीने ठरवतात, ती १९७५ ची. सोरायसिसच्या उपचारात किरणांचा डोस ठरवायला केलेली. सुरुवातीला तिच्यात चारच प्रकार होते, चारही गोऱ्या त्वचेचे! सावळे आणि काळे नंतर जोडले. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमध्ये आपल्याला युजर म्हणून धरलंच नव्हतं.

२००४ मध्ये बोस्टनच्या मॅनस्टाइन आणि अँडरसन यांच्या टीमने वेगळा विचार मांडला: अख्खा चेहरा सोलायचा कशाला? सुईच्या टोकाहून बारीक ठिपके भाजा, मधली त्वचा शाबूत ठेवा. तीच शेजारची जखम भरून काढते. हा फ्रॅक्शनल लेझर. पुढे पटेलांच्या लेझरलाही हीच युक्ती लावली. मग २००७ मध्ये हाँगकाँगच्या हेन्री चॅन यांच्या गटाने चिनी पेशंट्स तपासून दाखवलं की ठिपके विरळ ठेवले तर काळे डाग कमी येतात. म्हणजे मशीनइतकंच सेटिंग महत्त्वाचं.

हे सगळं मी का वाचत बसलो? माझ्या गालांवर कॉलेजपासून खड्डे आहेत. पहिल्या क्लिनिकमध्ये आधी पॅकेजचा भाव सांगितला, त्वचेबद्दल एक प्रश्न नाही. दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी कानामागे छोटा टेस्ट पॅच केला, रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. ते सहा आठवडे येत्या मंगळवारी पूर्ण होतायत.