धोतर, कोंबडी आणि फुटबॉल

आमच्या गावाचं नाव हिमायतनगर. जुनं नाव वाढोणा. म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. हिमायत म्हणजे पाठिंबा, कैवार. आणि तो घेणारा हिमायती. तेव्हा 'पाठीराख्यांचे नगर' असं नाव मिरवणाऱ्या गावातल्या माणसाने परमुलखातल्या पाठीराख्यांविषयी चार शब्द लिहिले, तर तो अगदीच नसता उद्योग ठरू नये. बाकी फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या शाळेत फुटबॉल एकच होता. तो पी. टी.च्या सरांच्या कपाटात असे आणि हवा भरायचा पंप हेडमास्तरांच्या. दोघांचं पटत नसल्यामुळे आमच्या पिढीने फुटबॉल पाहिला तो चपटा.

पण माझा एक भाचा नोकरीनिमित्त विलायतेत असतो, मँचेस्टरच्या जवळपास. तिकडे गेल्यावर माणसाला जी व्यसनं लागतात त्यांची घरच्यांना फार काळजी होती. त्याला लागलं फुटबॉलचं, आणि तेही जिंकणाऱ्या क्लबचं नव्हे. मँचेस्टरात दोन जगप्रसिद्ध क्लब असताना हा गृहस्थ आगगाडीने ब्लॅकबर्नला जातो आणि रोव्हर्स नावाच्या क्लबचा बहुधा पराभव पाहून येतो. रविवारी फोन. 'मामा, यंदा मालक क्लब विकणार म्हणायलेत सगळे.' हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतो आहे की आता 'बरं आहे ना सगळं?' याच्या जागीच ते धरतो.

त्यातून मालक पुण्याचे. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा भाच्यालाच जाब विचारतो. 'मी नांदेड जिल्ह्यातला, पुणे आमच्यापासून रात्रभराच्या ट्रॅव्हल्सवर,' असं हा परोपरीने सांगतो. पण लँकेशायरमधून पाहिलं की पुणे आणि हिमायतनगर एकाच गल्लीत दिसतात.

खरं सांगायचं तर हा हिशेब फुटबॉलपेक्षा जुना आहे. तो धोतरापासून सुरू होतो.

ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. सूत कातण्याचं 'जेनी' यंत्र काढणारा जेम्स हारग्रीव्ह्ज त्याच परिसरातला. पोटावर पाय येईल या भीतीने १७६८ साली तिथल्या लोकांनी त्याची यंत्रं फोडली. पुढे यंत्रांनीच त्या गावाला पोसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मागांवर जे कापड निघे, त्यात मोठा वाटा हिंदुस्थानात जाणाऱ्या धोतरांचा होता. म्हणजे सोवळ्याओवळ्याचा एवढा काथ्याकूट करून आपले पणजोबा ज्या धोतरावर पंक्तीला बसत, ते बऱ्याचदा कोण्या गोऱ्या बाईच्या हाताखालून आलेलं असे. पणजोबांना हे कुणी सांगितलं नाही, हे त्यांच्या जेवणाच्या दृष्टीने बरंच झालं.

मग १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. पुढे गांधीजींचा बहिष्कार आला, जपानी आणि आपल्या देशी गिरण्यांची चढाओढ आली, जगभरची मंदी आली, आणि ब्लॅकबर्नचे माग थंडावले. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन गावी गेले. ज्यांचं काम गेलं होतं त्या भागातल्या गिरणीवाल्या बाया त्यांच्याभोवती हसत, ओरडत उभ्या राहिल्या. तो फोटो आजही छापला जातो. तुमची बेकारी मला दिसते, पण आमच्याकडची गरिबी याहून फार मोठी आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं.

गिरण्या गेल्या, फुटबॉल राहिला. रोव्हर्स क्लब १८७५ चा. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांतला एक. एफ. ए. कप सहा वेळा, लीगचं अजिंक्यपद १९१२ आणि १९१४ साली. त्यानंतर मात्र ऐंशी वर्षं आपल्याकडच्या जुन्या देशमुखी वाड्यासारखं: कमान शाबूत, आत पडझड. मग गावातलाच एक माणूस पुढे आला. पोलादाच्या धंद्यात गबर झालेला जॅक वॉकर. १९९१ साली त्याने क्लब हाती घेतला, पैसा ओतला, आणि १९९५ साली रोव्हर्स इंग्लंडचे अजिंक्य झाले. तेही कसे, तर शेवटचा सामना लिव्हरपूलला हरून! नेमका त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडलाही आपला सामना जिंकता आला नाही. स्वतः पेपर अवघड जाऊनही पहिला नंबर यायचा, तो असा.

२००० साली वॉकर गेला. क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिला आणि पुढे ट्रस्ट गिऱ्हाईक शोधू लागला. पाठीराखे वाट पाहू लागले. कुणीतरी येईल, वॉकरसारखा. अखेर २०१० च्या नोव्हेंबरात आलं ते पुण्याचं व्यंकीज, कोंबड्यांच्या धंद्यातलं घराणं. किंमत २ कोटी ३० लाख पौंड. ज्या पुण्यात लँकेशायरचं कापड जळलं, त्याच पुण्याने शंभरेक वर्षांनी लँकेशायरचा क्लब घेतला. इतिहासाला विनोदबुद्धी आहे, फक्त तो हसायला फार वेळ लावतो.

ब्लॅकबर्नला मात्र हसू आलं नाही. महिन्याच्या आत मुरलेल्या मॅनेजरला, सॅम अलार्डाइसला, नारळ मिळाला. खेळाडू कोंबडी खाताहेत अशी जाहिरात निघाली. २०१२ च्या मे महिन्यात क्लब वरच्या वर्गातून खाली घसरला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. (कोंबडीची बाजू कुणीच ऐकून घेतली नाही.) पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग हा मॅनेजर ५७ दिवस टिकला आणि मायकेल ॲपल्टन ६७ दिवस. आमच्याकडे बदली होऊन आलेला साहेबसुद्धा निदान चार्ज घेऊन, सत्कार स्वीकारून मग बदलीचा अर्ज करतो. २०१७ साली क्लब तिसऱ्या पायरीवर गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर अशी पाळी पहिल्यांदाच आली. वर्षभरात एक पायरी चढला, आणि तिथेच राहिला.

मालकांनी पैसा लावला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षानुवर्षांचा तोटा भरताना वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी घातली असं सांगतात. पण मैदानावर त्यांचं दर्शन दुर्मिळ झालं, आणि २०२३ पासून तर इकडून पैसे पाठवायला दिल्लीच्या उच्च न्यायालयात जावं लागू लागलं. म्हणजे ब्लॅकबर्नचा पाठीराखा आता सेंटर फॉरवर्ड कोण याच्याइतक्याच उत्सुकतेने दिल्लीची पुढची तारीख विचारतो. तारखेची वाट पाहणारा माणूस आपल्याला नवा नाही. त्या बाबतीत ब्लॅकबर्न पुरतं मराठवाड्यात आलं आहे.

हे सगळं ओळखीचं वाटतं याचं आणखी एक कारण आहे. साखर कारखाना बंद पडलेला मुलूख ज्याने पाहिला, त्याला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. दर दसऱ्याला बातमी येते: यंदा बॉयलर पेटणार. कोणी म्हणतं पार्टी पश्चिम महाराष्ट्रातली आहे, कोणी म्हणतं भाडेतत्त्वावर देणार, कोणाच्या साडूने गव्हाणीची डागडुजी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. सभासद ट्रंकेतली शेअरची पावती काढून पाहतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो. त्याच्याकडे पावती तरी असते. भाच्याकडे तेवढीही नाही. त्याच्याकडे निळा-पांढरा मफलर आहे.

आमच्या शेजारी एक गृहस्थ करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळतात. त्यांना मी हे सारं रामायण ऐकवलं. ते खुराड्याला पडदे बांधत होते. म्हणाले, 'यात नवल काय आहे सर? पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, वजन झालं की गाडीपण कंपनीचीच येते. पण रात्री लाइट गेली की उठतंय कोण? मी!' इतक्या वर्षांत फुटबॉलच्या मालकीविषयी याहून शहाणं मी काही ऐकलं नाही. मालक कागदावर असतो. रात्री उठणारा निराळा. कागद विकता येतो. रात्रीचं उठणं विकता येत नाही, कारण ते कोणी विकत घेत नाही.

आणि तरी गंमत पाहा. धोतरं विणवून घेणारे गिरणीमालक गेले, वॉकर गेला, त्याचा ट्रस्ट बाजूला झाला. २०२५ साली क्लबाला १५० वर्षं झाली तेव्हा मालकी पुण्याकडेच होती. तीही कधी ना कधी दुसरीकडे जाईलच. गिरणी सुटल्यावर मैदानावर धावणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं मात्र अजून त्याच बाकांवर बसून थंडीत हात चोळत आहेत. आता त्यांच्यात आमचा एक वाढोण्याचा माणूस वाढला आहे. हंगामाचं तिकीट त्याने यंदाही घेतलं.

यंदा बॉयलर पेटणार म्हणतात.