अ‍ॅपर्चरचं कडं कुणाच्या हाती?

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. त्यामुळे आमच्या संभाजीनगरच्या फोटोवेड्यांना भरपूर उजेड आत घेणाऱ्या जुन्या लेन्सचा भारी मोह. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर अ‍ॅडाप्टरने बसतेही. पण मंडळी, मग अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, लहान-मोठं करायचं कुणी?

मेजर रॉबर्ट गिलला हा प्रश्न पडला नसणार. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता, पुढे १८५०च्या दशकात त्याने तिथे कॅमेराही आणला. त्या काळी लेन्स एकाची आणि लाकडी डबा दुसऱ्याचा, हे नेहमीचंच. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउसने लेन्सच्या खाचेत सरकवायच्या, भोक पाडलेल्या पट्ट्या सुचवल्या. लहान भोक हवं? पट्टी बदला. डब्याचा काही संबंध नाही.

घोळ झाला तो सोयीमुळे. बघताना लख्ख दिसावं म्हणून भोक उघडं ठेवायचं आणि बटण दाबलं की कॅमेऱ्यानेच ते बारीक करायचं. निकॉनने १९५९ च्या 'एफ' कॅमेऱ्यात हे काम एका छोट्या दांडीवर सोपवलं, पण भोकाचं माप ठरवणारं कडं लेन्सवरच ठेवलं. १९८७ मध्ये कॅननने ईओएस काढताना दांडी आणि कडं दोन्ही काढली. मोटर लेन्समध्ये, हुकूम विजेच्या संदेशातून. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, प्रोटोकॉल! तोही कंपनीच्या कुलपातला. २००० पासून निकॉनच्या 'जी' लेन्सवरचंही कडं गेलं.

परिणाम काय? लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉनचं ४६.५ मिमी, कॅनन ईओएसचं ४४. मधल्या अडीच मिमीत अ‍ॅडाप्टर मावतो, म्हणून कड्याची जुनी निकॉन लेन्स ईओएसवर आजही चालते. कडं फिरवलं की व्ह्यूफाइंडर अंधारतो, तेवढं सोसायचं. 'जी' लेन्स सुटी केली की स्प्रिंग भोक पार बारीक करते, मग अ‍ॅडाप्टरलाच कडं लागतं. कॅननची ईओएसवाली लेन्स साध्या अ‍ॅडाप्टरवर मुकीच, उघडी ती उघडीच. काही उस्ताद मूळ कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर लावून, प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरतात आणि तशीच लेन्स काढून घेतात! २०१० मध्ये सोनीची ई-माउंट आली, आणि पुढे तिच्यासाठी चिपवाले अ‍ॅडाप्टर. ते कॅननची बोली उलगडून बोलतात. चालतात, पण कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर बदललं की कधी कधी अडतातही.

असो. घरच्या कपाटात कड्याची जुनी लेन्स पडून असेल, तर भंगारात देऊ नका. बुरशी नसेल आणि कडं फिरत असेल, तर तिला चिपची गरज नाही.