जुन्या माडीची लाकडी जमीन : तेल, लाख की पीयू?

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याचे जुने वाडे असोत की गोव्यातली पोर्तुगीजकालीन दुमजली घरं, अनेक ठिकाणी माडीवर सागवानी किंवा इतर टणक लाकडाच्या फळ्यांची जमीन अजून टिकून आहे. घर दुरुस्तीला काढलं की प्रश्न येतो पॉलिशचा. दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘पीयू मारा, चकाचक होईल.’ पण चकाकीपेक्षा महत्त्वाचं हे, की पॉलिश खराब झाल्यावर ते दुरुस्त कसं करणार? मशीनने घासताना प्रत्येक वेळी फळीची जाडी कमी होते आणि गेलेली जाडी परत येत नाही.

आधी जुनं पॉलिश ओळखा

कपाटामागच्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरीट लावावं. मिनिटभरात जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. टर्पेंटाइनच्या फडक्याला पिवळट-तपकिरी मळी लागली तर मेण असू शकतं. दोन्हींचा परिणाम झाला नाही, तर वार्निश किंवा पीयूची शक्यता जास्त. ही तपासणी गरजेची आहे, कारण मेणावर पीयू धरत नाही, काही दिवसांत पापुद्रे सुटतात. जमिनीवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ लहान मुलांना फार घातक.

कोणता पर्याय कुठे?

तेल : जवसाचं (अळशीचं) तेल लाकडात मुरतं, वर थर धरत नाही. ओरखडा पडला तर तेवढीच जागा हलकी घासून पुन्हा तेल लावता येतं, अख्खी खोली घासावी लागत नाही. कच्चं तेल सुकायला अनेक दिवस घेतं, म्हणून ‘डबल बॉइल्ड’ तेल वापरतात. हात पातळ द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं तेल पुसून घ्यावं, नाहीतर जमीन चिकट राहते. तोटा असा की डाग लवकर धरतात आणि दर एक-दोन वर्षांनी हात द्यावा लागतो.

लाख : चपडा लाख स्पिरीटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश जुन्या सागाला उबदार रंग देतं. लवकर सुकतं आणि नवा हात जुन्यात मिसळून जातो. पण पाणी सांडलं किंवा गरम भांडं ठेवलं की पांढरे डाग उठतात. देवघर, झोपायची खोली यांना ठीक, जेवणघराला नको.

पीयू : वर कडक थर बनतो. वर्दळ आणि पाणी हा थर सर्वांत चांगला सोसतो. तेलावर आधारित पीयू काळाबरोबर पिवळसर होतं, पाण्यावर आधारित पीयूचा वास कमी आणि रंगही फारसा बदलत नाही. मात्र थर झिजला की नुसता वरून हात देऊन भागत नाही, बहुधा पूर्ण खोली घासावी लागते. सागातलं नैसर्गिक तेल पीयूला धरू देत नाही, म्हणून हात देण्याआधी फळ्या थिनरने पुसून घ्याव्यात.

हवामान विसरू नका

पावसात फळ्या फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. गोवा-बेळगावच्या दमट हवेत हे जास्त जाणवतं. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात फटी रुंदावतात. तेव्हा त्या कडक लांबीने भरल्या तर पावसाळ्यात लांबी उचलली जाते. फटींवरून गेलेला पीयूचा थरही तडकतो. दमट दिवसांत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. म्हणून काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढलेलं बरं.

कामाचा क्रम

आधी वाळवी-भुंग्याचा बंदोबस्त, मग सुटलेल्या फळ्या घट्ट करणं आणि वर आलेले खिळे आत ठोकणं. नंतर ६०, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. जुनं पॉलिश लाखेचं असेल तर घासायचं काम कमी होतं, बरंचसं स्पिरीटने निघतं. फटींतून धूळ खाली गळते, म्हणून खालची खोली आधी झाकावी. पीयूचे दोन-तीन पातळ हात पुरतात. त्यानंतर आठवडाभर जड सामान ओढू नये.

एक धोका कधीच दुर्लक्षू नये. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लाकडी घरात हे जिवावर बेतू शकतं. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

थोडक्यात, फळ्या झिजलेल्या आणि पातळ असतील, वर्दळ बेताची असेल, तर तेल किंवा लाख. जाड, भक्कम फळ्या आणि सतत ये-जा असेल तर पीयू. अख्ख्या खोलीला हात घालण्याआधी एका फळीवर नमुना करून तो दिवसाच्या उजेडात पाहावा, आणि मगच सुताराला काम सांगावं.